आबांच्या इंजिनाचा रिव्हर्स

लेथवर काम करणाऱ्या माणसाकडे लोक मोडलेली वस्तू घेऊन येतात. पंपाचा शाफ्ट, जिनिंगच्या मशीनचं झिजलेलं चाक, शिलाई मशीनची तुटलेली कडी, काहीही. टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "मिस्त्री, असाच दुसरा पायजे." अकोल्यात माझा सगळा जन्म या एका वाक्यावर गेला. चांगली चालणारी वस्तू बिघडवून द्या, असं सांगायला आलेलं गिऱ्हाईक मात्र मला एकच भेटलं. त्याचीच गोष्ट सांगतो.

माझं नाव नजीर. घरात आम्ही उर्दू बोलतो, शाळा मराठी झाली आणि धंदा झाला वऱ्हाडीत. लेथ म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि हात तिला आकार देतो. लेथवर लोखंड फिरतं आणि हाताच्या जागी पोलादी हत्यार असतं. फरक एवढाच, की माती चुकली तर पुन्हा गोळा करता येते. लोखंड एकदा जास्त कापलं की गेलं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. तेल्हाऱ्याचे एक बँडमास्तर एकदा लाल कोट घालून, छातीवर बिल्ले लावून थेट वर्कशॉपात आले. त्यांच्या पितळी बाजाचं बटण अडकलं होतं आणि वरात चौकात थांबलेली होती. बटणाखालचा पिस्टन नळीत असा बसावा लागतो, की फुंकलेली हवा बाजूनं निसटू नये आणि तरी बोटानं सहज खाली-वर व्हावा. धातू घासायची बारीक पेस्ट लावून तो मी हातानं घासत होतो आणि मास्तर मागं उभे राहून माझ्या मानेवर श्वास टाकत होते. बाजा सुरू झाला तेव्हा त्यांनी माझ्या वर्कशॉपातच अर्धं गाणं वाजवून घेतलं. घट्टही बसावं आणि सैलही असावं, अशी धातूची जोडी जुळवणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात नाजूक काम.

पुढं गुडघे उभं राहू देईनात, तेव्हा वर्कशॉप बंद केलं. मोठी मशीनं दुसऱ्याला दिली. एक लहान लेथ तेवढा घराच्या मागच्या खोलीत ठेवून घेतला. बायको म्हणाली, "इसको भी दे दो." मी ऐकलं नाही. पण त्याच्यावर कापड टाकलेलंच असायचं.

एका सकाळी अमरावतीहून सुधाकर वानखडे आले. फवारणी पंपांचं त्यांचं दुकान आहे आणि त्या पंपांचे सुटे भाग मी पूर्वी करून दिले होते. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. चादर सोडली, तर आत रेल्वेचं इंजिन. हातभर लांबीचं, काळं-हिरवं, पितळी घुमट असलेलं. खेळण्यासारखं दिसायचं, पण खेळणं नव्हतं. बॉयलरमध्ये पाणी भरायचं, खाली स्पिरिटची वात पेटवायची, वाफ झाली की ते रुळावरून खरंच धावायचं.

"भारी चीज आहे," मी म्हटलं. "काय बिघडलं?"

"काहीच नाई," सुधाकरराव म्हणाले. "बिघडवाचं हाये."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"नजीरभाई, असं काईतरी करा की हे चालनारच नाई. आन् आबाले सांगा की आता हे दुरुस्त होत नाई. तुमी सांगतलं त थे मानतीन. मी सांगतलं त मानत नाईत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आबा म्हणजे त्यांचे वडील, पुंडलिकराव. आपल्याकडच्या लहान रुळाच्या गाडीवर ते ड्रायव्हर होते. वाफेचं इंजिन त्यांनी चालवलं, पुढं डिझेल आलं तेही चालवलं. रिटायर झाले, मग गाडीही बंद पडली. आबांची बायको गेल्यावर ते दिवसभर खिडकीत बसून असायचे. बंगलोरला नोकरी करणाऱ्या नातवानं हे इंजिन मागवून त्यांना दिलं आणि म्हातारा माणूस जिवंत झाला. गच्चीवर कठड्याच्या कडेनं कमरेइतक्या उंचीची फळी ठोकून घेतली, तिच्यावर रूळ टाकले. मधे पाण्याची टाकी आणि सोलरचे पाइप, त्यामुळं गोल रूळ टाकायला जागाच नाही. सरळ एक लांब पट्टी. आणि इंजिन असं, की ते फक्त पुढंच जायचं. रूळ संपला की हातानं उचलायचं, फिरवून ठेवायचं.

"तापलेलं?" मी विचारलं.

"तापलेलं. आबाचा हात कापते. कंपवात हाये. उचलताना एक दिवस कलंडलं, स्पिरिट सांडलं आन् हातावर भडकलं. शुगर हाये त्यायले. जखम भरेचना. डॉक्टर बोट काढाचं म्हनत होते. माह्या बायकोनं रोज ड्रेसिंग केलं म्हनून वाचलं थे बोट." त्यांनी इंजिनाकडं असं पाहिलं, जसं माणूस चावलेल्या कुत्र्याकडं पाहतो. "आता जखम भरली, त म्हनतेत, स्पिरिट आन."

बिघडवणं अवघड नव्हतं. वाफेच्या नळीत कथलाचा एक थेंब टाकला असता, की संपलं. पण मी म्हटलं, "सुधाकरराव, तुमचे आबा ड्रायव्हर. उद्या ते हे उघडून बसतील आणि त्यांना कथील सापडेल. मग काय सांगाल?"

ते चादरीची घडी घालत राहिले. हा विचार त्यांच्याही मनात आला असणार.

"दोष इंजिनाच्या चालण्याचा नाही," मी म्हटलं. "ते मागं येत नाही, हा दोष आहे. मागं आलं, तर उचलावं कशाला लागेल? मला एकदा आबांना भेटू द्या."

हे बोलून गेलो आणि मग माझ्या ध्यानात आलं, की मी काय अंगावर घेतलं. आता त्या म्हाताऱ्याचा हात पुन्हा भाजला, तर तो माझ्यामुळं भाजणार होता.

अमरावतीला त्यांच्या गच्चीवर आबा भेटले. उंच, काठीसारखे वाळलेले, अंगात पांढरा सदरा. उजवा हात मांडीवर सारखा हलत होता आणि त्याच्या दोन बोटांची कातडी नवी, गुलाबी, चकचकीत होती. मी सलाम केला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मिस्त्री, सुधाकर तुमाले इंजिन बिघडवाले सांगाले आला होता ना?"

सुधाकरराव जिन्याकडं सरकले.

"तुम्हाला कोणी सांगितलं, आबा?" मी विचारलं.

"सांगाले कायले पायजे? चादरीत गुंडाळून नेलं. दुरुस्तीले नेते त्याले कोनी तोंड झाकून नेते काय?" आणि ते हसले. "घाबरलं हाये पोट्टं. त्याची चूक नाई."

मी त्यांना विचारलं, की इंजिन रुळाच्या टोकाला गेल्यावर थंड होऊ द्यावं, मग उचलावं, असं का करत नाही?

"थंड होऊ द्याचं?" त्यांना ते पटलंच नाही. "मिस्त्री, गाडी गेली की परत आली पायजे. लोकं स्टेशनावर बसून राह्यतेत. मूर्तिजापूरचा बाजार करून बाया डोक्यावर टोपले घेऊन बसल्या हायेत, आन् तुमी म्हनता थंड होऊ द्या?"

ते थट्टा करत नव्हते. तीस-चाळीस वर्षं माणूस जे करतो, ते त्याच्या अंगात असतं.

खाली स्वयंपाकघरात सून भेटली, वैशालीताई. शाळेत शिकवतात. चहा ठेवताना त्या सरळ बोलल्या. "भाऊ, मी रोज ती जखम धुतली आहे. आत हाड दिसत होतं. तुम्हाला करायचं ते करून पाहा. पण पुन्हा त्यांच्या हाताला काही झालं, तर मी ते इंजिन भंगारवाल्याला देईन. मग मला कोणी वाईट म्हणू नये."

"नाही म्हणणार," मी म्हटलं.

आता थोडं इंजिनाबद्दल. या लहान इंजिनात सिलिंडर स्थिर नसतं, ते पाळण्यासारखं डोलतं. त्याला दोन वाटा असतात. एका वाटेनं वाफ आत येते, पिस्टनला ढकलते आणि दुसऱ्या वाटेनं बाहेर जाते. गंमत अशी, की वाटांची अदलाबदल केली, म्हणजे बाहेर जायच्या वाटेनं वाफ आत सोडली, तर तेच इंजिन उलटं फिरतं. म्हणजे मला इंजिन उघडायचंही कारण नव्हतं. बॉयलर आणि सिलिंडर यांच्या मधे एक असा व्हॉल्व्ह बसवायचा, ज्याचा लिव्हर एकीकडं केला की वाफ पहिल्या वाटेनं जाईल, दुसरीकडं केला की दुसऱ्या वाटेनं, आणि मधे ठेवला की कुठंच जाणार नाही. पुढं, मागं आणि थांब. बस, एवढंच.

एवढंच म्हणायला सोपं. टेबलावर कोणी मोडका तुकडा ठेवला नव्हता. "असाच दुसरा" म्हणायला पहिलाच नव्हता. आयुष्यभर मी दुसऱ्याच्या मापांवर चाललो होतो. कोरा कागद समोर घेऊन बसलो, तेव्हा कळलं की मला चित्र काढायची सवयच नाही. याचं थोडं वाईट वाटलं. इतकी वर्षं हातात मशीन होतं, आपण आपल्या मनानं काही का केलं नाही?

मी गॅसच्या शेगडीचा कॉक डोळ्यांसमोर ठेवला. त्यात एक निमुळता गट्टू, बुचासारखा, भोकात फिरतो. गट्टूला आडव्या खाचा पाडल्या, की वाटा बदलता येतात. पितळेचा गट्टू केला, त्याला बसायला पितळेचंच घर केलं, घासून बसवला. कॉम्प्रेसरच्या हवेवर लावला, चाकं पुढं-मागं झाली. अंगणात थोडा वेळ वाफेवरही चालवून पाहिला. बायको दारात उभी राहून म्हणाली, "बुढापे में रेल आ गई घर में." मी खूश होतो.

रविवारी सगळे गच्चीवर जमले. आबांनी इंजिनाला हात जोडले, वात पेटवली, वाफ झाली. पहिली फेरी छान झाली. इंजिन टोकाला गेलं, लिव्हर फिरवला, मागं आलं. आबांच्या तोंडावरचं समाधान मला अजून दिसतं. दुसरी फेरी, तिसरी. ऊनही चढलं होतं. त्यानंतरच्या फेरीत आबांनी टोकापाशी लिव्हर ओढला आणि तो हललाच नाही.

त्यांनी जोर केला. हात कापत होता, लिव्हर जाम. टोकाला वाळूची पिशवी ठेवलेली होती, तिला इंजिन धडकलं आणि चाकं जागेवर फिरू लागली. आबांनी आणखी जोरात ओढलं, तसं अख्खं इंजिनच त्यांच्याकडं कलायला लागलं. त्यांचा दुसरा हात सवयीनं त्याला सावरायला पुढं आला, सरळ तापलेल्या बॉयलरवर. वैशालीताईंनी तो मनगटाशी पकडला. मी ओल्या फडक्यानं इंजिन दाबून धरलं, सुधाकररावांनी वात विझवली.

कोणाला काही झालं नाही. पण वैशालीताईंनी आबांचा हात सोडला नव्हता.

"झालं आता," त्या म्हणाल्या. "बस."

आबा खुर्चीवर बसले. टाकीकडं पाहू लागले. सुनेशी भांडले असते तर बरं, असं मला वाटलं.

काय झालं ते मला लिव्हरला हात लावताच समजलं होतं. वाफ गट्टूच्या पोटातून जाते, म्हणून गट्टू आधी तापतो आणि फुगतो. बाहेरचं घर मागं राहतं. फुगलेला गट्टू भोकात अडकून बसतो. थोडा वेळ चालवलं तर कळत नाही, जास्त चालवलं की जाम. मी जितका घट्ट, जितका सुबक बसवला होता, तितका तो जास्त अडकला.

मी हत्यारं आवरत होतो, तेव्हा आबा हळूच म्हणाले, "मिस्त्री, आमच्या मोठ्या इंजिनात व्हॉल्व्ह भोकात फिरत नव्हता. सपाट जाग्यावर सपाट सरकत होता. वाफच त्याले वरून दाबून धरे."

एवढंच बोलले आणि पुन्हा टाकीकडं पाहत बसले.

मी खाली स्वयंपाकघरात गेलो. "ताई, तुम्ही भंगारात द्यायचं ते खुशाल द्या. पण द्यायच्या आधी मला एकदा बोलू द्या."

त्या पोळ्या लाटत होत्या. "बोला."

ओट्यावर त्यांचा कुकर होता, ज्याचं झाकण आतून बसतं तो. मी म्हटलं, "याचं झाकण वाफेनं उडतं का?"

"नाही. आतून असतं ना. वाफ जास्त झाली की आणखी घट्ट बसतं."

"आणि वाफ गेली की?"

"बोटानं निघतं."

"मग असाच व्हॉल्व्ह करायचा. भोकात अडकणारा नाही. सपाट पाटावर सपाट चकती. वाफ तिला वरून दाबेल, म्हणून गळणार नाही. आणि भोकातच नाही, तर फुगून अडकेल कुठं?"

त्यांनी लाटणं थांबवलं. "आणि त्यांचा हात? तो कापतो त्याचं काय? लिव्हर सैल केला, तर कापणाऱ्या हातानं आपोआपच पुढं-मागं होईल."

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. मी इंजिनासाठी व्हॉल्व्ह करत होतो. चालवणारा हात मी मोजला नव्हता.

"ते मोजायला मी पुन्हा येतो," मी म्हटलं.

पुढच्या खेपेला मी सोबत एक पाट नेला. त्याच्यावर खिळ्यानं एक लाकडी लिव्हर ठोकला होता आणि लिव्हरच्या टोकाला पेन्सिल बांधली होती. खाली कागद. आबांच्या पुढं ठेवला आणि म्हटलं, "आबा, ड्रायव्हर जसा धरतो तसा धरा. मधे थांबवा आणि तसाच धरून ठेवा."

त्यांनी धरला. पेन्सिल मागं-पुढं फिरत राहिली आणि कागदावर काळा पट्टा उमटला. तोच त्यांच्या हाताचा कंप. तो पट्टा जेवढा रुंद, तेवढी माझ्या चकतीतली "थांब"ची जागा रुंद पाहिजे होती, म्हणजे हात हलला तरी वाफेची वाट उघडणार नाही. आबांनी त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"एवढा कापते?" त्यांनी विचारलं.

"एवढाच कापतो," मी म्हटलं. "ही जागा मला सहज करता येते."

मग त्यांनी मला शिकवलं. लिव्हर पुढं ढकलला की गाडी पुढं गेली पाहिजे, मागं ओढला की मागं. माझ्या पहिल्या व्हॉल्व्हचा लिव्हर आडवा फिरायचा. "मानूस घाबरला की लिव्हर मांगं ओढते. तवा गाडी मांगंच आली पायजे." आणि चालत्या गाडीला कोणताच ड्रायव्हर रिव्हर्स मारत नाही. आधी वाफ बंद, गाडी उभी, मग रिव्हर्स. म्हणजे मधली जागा नुसती वाटेत लागणारी नको होती. तिथं हाताला कळलं पाहिजे, की आपण थांबलो.

वैशालीताई दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. नको म्हणाल्या नाहीत.

घरी येऊन लेथवरचं कापड काढलं. पितळेचा पाट केला, त्यात तीन भोकं: दोन सिलिंडरच्या वाटांची, मधलं वाफ बाहेर जाण्याचं. त्यावर गनमेटलची रुपयाएवढी चकती. गनमेटल पितळेपेक्षा चिवट, लवकर झिजत नाही. चकतीच्या पोटात चंद्रकोरीसारखा एक खोलगा. चकती एकीकडं फिरली, की तो खोलगा एका वाटेला बाहेर जाण्याच्या भोकाशी जोडतो आणि दुसरी वाट वाफेला उघडी राहते. दुसरीकडं फिरली की उलट. मधे असली, की दोन्ही वाटा झाकलेल्या. या सगळ्यावर एक बंद डबी, तिच्यात बॉयलरची वाफ येते. काचेवर बारीक पेस्ट टाकून मी पाट घासला, चकती घासली, मग दोन्ही एकमेकांवर घासले. बँडमास्तरांचा पिस्टन घासला होता, तोच हात. शेवटी चकती पाटावर ठेवून उचलायला गेलो, तर पाटही तिच्यासोबत किंचित उचलला गेला आणि मग सुटला. अशी चिकटली की समजावं, जमलं.

चकतीच्या दांड्याला तीन खळगे केले आणि स्प्रिंगवर एक छर्रा बसवला, पंख्याच्या रेग्युलेटरसारखा. प्रत्येक जागी टक्क वाजतं आणि बोटांना कळतं. लिव्हर लांब ठेवला, बॉयलरपासून दूर, आणि टोकाला सागवानी मूठ. वातीच्या स्पिरिटच्या डब्याला आटे पाडून फिरवून बसणारं झाकण केलं, म्हणजे कलंडलं तरी सांडू नये.

या वेळी घाई केली नाही. अंगणात रूळ टाकून बॉयलरमधलं पाणी संपेपर्यंत चालवलं, पुन्हा भरून चालवलं. भर दुपारच्या उन्हात चालवलं. मुद्दाम हात थरथरवून लिव्हर धरून पाहिला. बायकोकडूनही चालवून घेतलं. ती म्हणाली, "टक्क की आवाज अच्छी है." मला तेवढ्यानं बरं वाटलं, तरी अमरावतीच्या बसमध्ये मी लिव्हर पुन्हा पुन्हा फिरवून पाहत होतो.

गच्चीवर तीच माणसं. वैशालीताईंनी बादलीत पाणी आणि ओलं फडकं तयार ठेवलं होतं. आबांच्या अगदी शेजारी उभ्या राहिल्या, हात पकडता येईल इतक्या जवळ.

वाफ झाली. आबांनी लिव्हर पुढं ढकलला. टक्क. इंजिन निघालं, आबा फळीच्या कडेनं त्याच्यासोबत चालू लागले, मुठीवर हात, हात कापतोय, आणि इंजिनाला त्याचा पत्ताच नाही. ते सरळ, शांत चाललं होतं. टोक जवळ आलं. आबांनी काही केलं नाही. आणखी जवळ.

"आबा!" सुधाकरराव ओरडले.

टक्क. वाफ बंद. इंजिन थोडं घरंगळलं आणि वाळूच्या पिशवीच्या वीतभर अलीकडं उभं राहिलं.

आम्ही वाट पाहत होतो. आबा लिव्हर हलवेनात. हात मुठीवरच होता आणि कापत होता. माझ्या मनात आलं, पुन्हा अडकला.

"आबा, काय झालं?" वैशालीताईंनी विचारलं. "काहून थांबले?" एरवी त्या असं वऱ्हाडी बोलत नाहीत.

"स्टेशन आलं ना," आबा म्हणाले. "लोकं उतरून राह्यले."

सुधाकरराव फिस्सकन हसले. वैशालीताई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले. आबांनी सगळे उतरल्याची खात्री केली असावी, कारण मग त्यांनी सावकाश लिव्हर मागं ओढला. टक्क. आणि इंजिन परत आलं.

त्या दिवशी पाणी संपेपर्यंत ते चाललं. एकदाही अडकलं नाही. कधीतरी वैशालीताई आबांच्या शेजारून दूर होऊन खुर्चीवर बसल्या. बादलीतलं पाणी त्यांनी तुळशीला घातलं. मला जेवायला बसवलं, वांग्याची भाजी आणि भाकरी, आणि मी इतका जेवलो की परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या झोप लागली. मूर्तिजापूर कधी गेलं, कळलं नाही.

पण धंद्यातल्या माणसाला खरी झोप लगेच येत नाही. काम दिलं, की त्याचा फोन येईल का, ही धास्ती राहते. मी रोज मनात म्हणत होतो, आज चालवत असतील, आज ऊन जास्त आहे, आज घरी आबा एकटेच असतील. आणि एका सकाळी फोन आलाच. सुधाकररावांचा नाही, वैशालीताईंचा.

"भाऊ, जरा काम होतं."

"हात?" मी विचारलं. "हाताला काही झालं?"

"नाही नाही, हात ठीक आहे." त्या गोंधळल्या. "सगळं ठीक आहे. रोज चालवतात. मीच चालवून पाहिलं एकदा, तर मलाच रागावले, की आधी स्टीम बंद कर म्हणून. काम दुसरंच होतं. भाऊ, त्याला शिट्टी बसवता येईल का?"

"आबांना पाहिजे?"

"मला पाहिजे. मी खाली असते ना स्वयंपाकघरात. वर काय चाललंय ते कळत नाही. भाजी गॅसवर ठेवून सारखी वर पळत जाते. गाडी परत आली की त्यांनी एकदा शिट्टी वाजवली, की मला खाली कळेल."

शिट्टी करणं सोपं असतं. पितळेची बोटभर नळी, तिला एक फट, आणि आबांच्या हाताला सापडेल अशी एक कडी. कडी ओढली की वाफ शिट्टीत जाते. मी ती बसवायला गेलो, तेव्हा वैशालीताईंना म्हटलं, "तुम्ही खालीच थांबा. तुमच्यासाठी आहे, आवाज तिथं आला पाहिजे."

आबांनी गाडी नेली, थांबवली, लोकांना उतरवलं, मागं आणली. मग कडी ओढली. अशी कडक शिट्टी निघाली, की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

आबांनी जिन्याकडं कान केला. मीही.

"आली हो, आली!" खालून वैशालीताईंचा आवाज आला. आणि त्याच्या पाठोपाठ लाटण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. त्या वर आल्या नाहीत.